पिकअप उभ्या जागी थरथरते, मिसिंग मारते? नोझल बदलण्याआधी या चुका टाळा

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग लागते. पिकअप बराच वेळ न्यूट्रलमध्ये उभी राहते आणि तेव्हाच जाणवतं की इंजिन एकसारखं चालत नाहीये. स्टेअरिंग थरथरतं, मधेच एखादा ठोका चुकतो, रेस दिली की सगळं ठीक. गॅरेजला नेली की पहिला निकाल येतो: ‘नोझल गेले.’ कॉमन रेल गाडीचे (जिथे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल जातं) चार इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नोझल, बदलणं म्हणजे मोठा खर्च, आणि दोष दुसरीकडेच असेल तर तो पाण्यात जातो. आधी डिझेल आणि हवा, मग नेमका कोणता सिलिंडर, आणि शेवटी नोझल. हा क्रम सोडू नका.

थरथर म्हणजे मिसिंगच, असं धरू नका

सायलेन्सरच्या तोंडाजवळ कान द्या. आवाज एका लयीत असेल आणि फक्त केबिन हलत असेल, तर इंजिनचे रबर माउंटिंग बघा. पांदण रस्त्यावर लोड घेऊन फिरणाऱ्या गाडीचं माउंटिंग लवकर फाटतं. जुना डिझेल छोटा हत्ती दोन सिलिंडरचा आहे, तो मुळातच थोडा हलतो. आवाजात ठोका तुटत असेल तरच पुढे जा. आयडलिंग (रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा वेग) वाढवून थरथर लपवू नका. दोष तिथेच राहतो, डिझेल मात्र जास्त जळतं.

डिझेल न तपासता पार्ट खोलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वावरात फवारणीचं पाणी नेलेल्या कॅनमध्येच डिझेल आणलं जातं, पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहते आणि आत ओल धरते. कापडातून गाळलं तरी पाणी थांबेलच असं नाही. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला डिझेलचंच वंगण असतं. पाणी गेलं की गंज धरतो, घासट होते, आणि त्याचा बारीक चुरा पुढे नोझलमध्ये जातो.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू करण्याआधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि 100 ते 200 मिली डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. 10-15 मिनिटं बाटली हलवू नका. पाणी जड असल्याने तळाशी वेगळा थर दिसतो. थर दिसला तर फिल्टर बदलाच, पण टाकीचा तळही रिकामा करा, नाहीतर नवा फिल्टर लगेच भरतो.

नवा फिल्टर लावताना त्यात कॅनमधून डिझेल ओतायची सवय सोडा. ते डिझेल गाळलं न जाताच पंपाकडे जाऊ शकतं. फिल्टर रिकामा बसवा आणि हँड प्रायमर (डिझेल ओढून हवा काढणारा हातपंप) कडक होईपर्यंत दाबा.

पाणी नाही, पण सकाळी गाडी उशिरा सुरू होते आणि सुरुवातीला अडखळते? मग हवेचा संशय घ्या. टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच नळी कोरडी दिसते आणि फसायला होतं. फिल्टर ते पंप या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे सतत येत राहिले तर फिल्टरचं रबर सील, प्रायमर, नटांखालचे वॉशर आणि रबरी नळ्या तपासा. विदर्भाच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकतं.

चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट सैल करणं

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनवर मिस मारणारा सिलिंडर असाच शोधत. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथे दाब 1600 बारपर्यंत जातो, आयडलिंगलाही शेकडो बार असतो. ती धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, आतलं मांस मात्र सडू लागतं. असं झालं तर दुखायची वाट न पाहता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

सुरक्षित मार्ग म्हणजे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून एकेक सिलिंडर बंद करून पाहणं. स्कॅनर नसेल आणि इंजेक्टर सोलेनॉइडचे (विजेच्या कॉइलवर उघडणारे) असतील, तर चावी बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा, आवाज ऐका. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. फरकच पडला नाही तर दोषी तोच. प्रत्येक वेळी चावी बंद करूनच कनेक्टर काढा-लावा, शेवटी नोंदलेला बिघाडाचा कोड गॅरेजच्या स्कॅनरवर पुसून घ्या.

कनेक्टर काढताच वायरिंगही नीट बघा. सरकीच्या पोत्यांजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरतात, आणि वॉशिंगच्या जोरदार पाण्यानं कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो.

सगळे नोझल एकदम बदलणं

सगळ्या इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) काढून प्रत्येकी सारख्या आकाराची बाटली जोडा आणि इंजिन काही मिनिटं आयडलिंगला चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा दुपटीहून जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर आतून गळतो. सगळे सारखे असतील तरी संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. मिसिंग त्याच्यासोबत सरकलं तर दोष इंजेक्टरचा, जागेवरच राहिलं तर सिलिंडरचा किंवा वायरिंगचा. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर नवा बसवताना तो ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घ्या. जुना वापरला तर कंप्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) गळतं, ‘चफ-चफ’ आवाज येतो आणि डांबरासारखा काळा थर साचतो.

थंडीतली मिसिंग

डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे पारा 10 अंशांखाली जातो. सकाळी पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं शांत: आधी हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा) तपासा. वरची जोडपट्टी काढून मल्टीमीटरनं मोजा. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. प्लग गरम इंजिनवरच खोला, थंड इंजिनवर जोर लावला तर आतच तुटतो.

सीएनजी-पेट्रोल पिकअपचं गणित वेगळं. तिथे संशयित सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावा. बिघाडाचा कोड P0301 (पहिला सिलिंडर मिस) वरून P0302 (दुसरा सिलिंडर मिस) झाला तर कॉइल गेली. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवरच मिस मारत असेल तर आधी स्पार्क प्लग, मग गॅस फिल्टर. सीएनजीला ठिणगी जास्त ताकदीची लागते.

एवढं करूनही एकच सिलिंडर मरत असेल तर कंप्रेशन मोजून घ्या, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. एकाचा आकडा इतरांपेक्षा 10-15 टक्क्यांहून कमी असेल तरच हेड उतरवायची चर्चा करा.