पॉवर स्टिअरिंग पंप: आधी पुलीचं गणित, मग कूलर

इंजिन तगडं केलं, टायर रुंद घातले, गाडी खाली आणली, सगळं झालं आणि ट्रॅकवर चार-पाच लॅप मारल्या की स्टिअरिंग एकदम जड, पंप रडायला लागतो, बॉनेट उघडावं तर रिझर्व्हॉयरच्या झाकणातून दूध उतू जावं तसं फ्लुइड बाहेर. मॉडिफाय केलेल्या गाड्यांत हे इतकं कॉमन आहे की उत्तर पण ठरलेलं असतं, "कूलर टाक". टाका ना, टाकायचाच आहे, पण ही उष्णता मुळात तयार कुठे होते ते बघितलं तर अर्धं काम पुलीवरच उरकतं.

बेल्टवर चालणारा पंप बहुतेक वेळा वेन टाइपचा असतो, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्या (वेन) तेल ढकलतात. दर फेरीला ठराविक तेल ढकलतो, साधारण १० सीसी धरा. म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं जास्त तेल, पण रॅकला, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणाऱ्या भागाला, तर लागतं मिनिटाला ७-८ लिटर. मग बाकीचं कुठे जातं? पंपाच्या आतच फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, तो जास्तीचं तेल आतल्या आत परत सक्शनकडे वळवतो. आणि इथेच मेख आहे, कारण प्रेशर चढवलेलं तेल काहीच काम न करता परत खाली सोडलं की ती सगळी ताकद उष्णता होऊन तेलातच राहते. हिशोब सोपा आहे, प्रेशर बारमध्ये गुणिले मिनिटाला लिटर, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये.

आता आकडे घालून बघू. क्रँक पुली १५० मिमी, पंपाची १२५ मिमी, म्हणजे पंप इंजिनच्या १.२ पट वेगाने फिरणार. मूळ इंजिन ६००० आरपीएमला संपत होतं तेव्हा ठीक होतं, आता तुम्ही ते ७५०० पर्यंत नेताय म्हणजे पंप ९००० वर. कागदावर ९० लिटर तेल, त्यातलं ८ बाहेर आणि ८२ आतल्या आत गरगर. लांब कॉर्नरमध्ये समजा ४० बार प्रेशर आहे, तर ८२ गुणिले ४० भागिले ६०० म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोवॅट. एक-दीड लिटर तेलात! आता पंपाची पुली १६५ मिमीची करा, रेशो ०.९१, पंप ६८०० वर, आत फिरणारं तेल ६० लिटर आणि उष्णता ४ किलोवॅट. दीड किलोवॅट तर फक्त पुली बदलून गेले. प्रत्यक्षात एवढ्या स्पीडला पंपाला पुरेसं तेल ओढताच येत नाही, कॅव्हिटेशन होतं (तेलात पोकळ बुडबुडे होऊन फुटतात), त्यामुळे खरा आकडा कमी येईल, पण कॅव्हिटेशन म्हणजे काय बक्षीस नाही, ते पंपाचे वेन आणि रिंग खातं.

मग अजून मोठी पुली का नको? तर आयडलमुळे, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा. ८५० आरपीएमला ०.९१ रेशोने पंप ७७० फिरतो, १० सीसीने ७.७ लिटर, त्यात तेल गरम असताना आतली गळती धरली तर हातात ६ च्या आसपास. त्याहून खाली गेलात तर पार्किंग करताना स्टिअरिंग अडकत-अडकत फिरेल. शिवाय मोठी पुली लावताना बेल्टची लांबी बदलते, पुली शेजारच्या ब्रॅकेटला घासते का, आयडलर (बेल्ट ताणायला जास्तीची पुली) लागतो का, हे मोजूनच ऑर्डर द्या. पंपाची पुली मिळत नसेल तर क्रँकची लहान करता येते, पण मग अल्टरनेटर आणि वॉटर पंप पण हळू होतात, ते चालणार आहे का बघा. आणि क्रँक पुलीतच डॅम्पर असेल तर तो काढून नुसती अॅल्युमिनियमची चकती लावायच्या भानगडीत पडू नका, क्रँकशाफ्टच्या कंपनांसाठी तो असतो.

रॅकला नक्की किती तेल लागतं ते पण काढता येतं. पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले रॅकचा प्रवास. समजा ८ चौरस सेंटिमीटर आणि १५ सेंमी, म्हणजे लॉक-टू-लॉक (स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) १२० सीसी. स्टिअरिंगचे २.४ फेरे असतील तर एका फेऱ्याला ५० सीसी. सेकंदाला २ फेरे एवढ्या वेगाने हात चालले, तर सेकंदाला १०० सीसी, मिनिटाला ६ लिटर. ट्रॅकवर नॉर्मल चालवणारा माणूस इतकं कधीच फिरवत नाही पण ड्रिफ्टवाला फिरवतो, आणि त्यातून क्विक रॅक असेल तर एका फेऱ्यात रॅक जास्त सरकतो म्हणजे तेल पण जास्त लागतं. स्टिअरिंग झटकन फिरवताना मध्येच भिंतीला लागल्यासारखं जड झालं तर समजा फ्लो कमी पडतोय. सावकाश फिरवलं तरी जडच, तर मग प्रेशर कमी आहे. हा फरक लक्षात ठेवा, लोक इथेच गोंधळ घालतात आणि चुकीचा पंप आणतात.

प्रेशरचं म्हणाल तर बहुतेक रॅक ७० ते ११० बारच्या पंपासाठी बनलेले असतात, काही युरोपियन पंपांवर तर बारचा आकडा लेबलवरच छापलेला असतो. दुसऱ्या गाडीचा पंप जोडताना रॅकला काय लागतं तिथून सुरुवात करा, पंपापासून नाही. हॉट रॉडवाल्यांची (जुन्या अमेरिकन गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांची) जुनी डोकेदुखी आहे, फोर्ड मस्टँग २ चा रॅक आणि त्याला जनरल मोटर्सचा (जीएम) पंप, स्टिअरिंग इतकं हलकं आणि चंचल होतं की सरळ रस्त्यावर पण सारखं सावरत बसावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे पंपाच्या आउटलेटला लहान भोकाचं फिटिंग घालून फ्लो कमी करणे, आणि लागलंच तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की उघडणारा व्हॉल्व्ह) शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून प्रेशर उतरवणे. मात्र हे गेज लावूनच करायचं, अंदाजाने नाही, आणि गेजवर मॅक्सिमम प्रेशर बघताना ५ सेकंदांच्या वर थांबायचं नाही.

रुंद टायर, जास्त कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल), चाकामागचे स्पेसर, या सगळ्याने स्टिअरिंगचा लोड वाढतो आणि लोड वाढला की प्रेशर, प्रेशर वाढलं की वरच्या हिशोबातला बार वाढला. अँगल किट (चाकं जास्त वळावीत म्हणून ड्रिफ्टसाठीचे पार्ट) लावलेल्या गाडीत तर रॅक फुल लॉकला दाबून ठेवला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, १०० बार आणि ८ लिटर म्हणजे फक्त बाहेर जाणाऱ्या तेलाचेच १.३ किलोवॅट, शिवाय आतलं बायपास वेगळंच.

बेल्टचा नाद सोडून इलेक्ट्रो-हायड्रॉलिक, म्हणजे विजेच्या मोटरवर चालणारा, पंप घालायचा पण पर्याय आहे. ओपेल अॅस्ट्रा, पहिली माझदा ३, व्होल्वो एस४० यांचे पंप लोक सर्रास वापरतात, टोयोटाच्या एसडब्ल्यू२० एमआर२ ला तर असा पंप कंपनीनेच दिला होता. मोठा फायदा हाच की इंजिन ८००० वर ओरडतंय म्हणून पंप पण ओरडत नाही. पण फुल लॉकला ६०-८० अँपिअर खेचतो, म्हणून थेट बॅटरीवरून जाड केबल, बॅटरीजवळच फ्यूज, आणि अल्टरनेटरमध्ये तेवढा दम पाहिजे. आणि हा पंप एक्झॉस्टजवळ बसवू नका, त्याच्यातच इलेक्ट्रॉनिक्स आहे, तापला की स्वतःच बंद होतो, ते पण नेमका कॉर्नरमध्ये.

आता कूलर. जागा एकच, रिटर्न लाइनमध्ये, म्हणजे रॅकमधून निघून रिझर्व्हॉयरला जाताना. प्रेशर लाइनमध्ये लावलात तर तो कूलर १०० बार सहन करायला बनलेलाच नसतो, फाटतो. साधा पाइपचा लूप किंवा फिन असलेली अॅल्युमिनियमची नळी रस्त्यावरच्या गाडीला पुरते, ट्रॅकला मात्र स्टॅक्ड प्लेट (एकावर एक पट्ट्या रचलेला) कूलर घ्या. साइजपेक्षा आतला रस्ता बघा, भोक अरुंद असेल तर रिटर्नमध्ये बॅक प्रेशर येतं, आणि ते बॅक प्रेशर पंपाला २४ तास ढकलावं लागतं म्हणजे थंड करायला लावलेली वस्तू अजून तापवते. रिटर्नला डॅश ६ होज बास आहे (डॅश हे होजचं माप, आकडा मोठा तितकी होज जाड). पोर्ट वरच्या बाजूला येतील असा बसवा नाहीतर हवा आत अडकून बसते. रेडिएटरच्या मागे, गरम हवेत लावून काही उपयोग नाही, समोर ताजी हवा पाहिजे.

कूलरवर पैसे खर्च करणारे लोक सक्शनकडे बघतच नाहीत, याचा मला फार राग येतो. रिझर्व्हॉयर ते पंप ही होज आखूड आणि जाड पाहिजे, डॅश १० किंवा त्याहून मोठी, एकही तीव्र वळण नको, आणि रिझर्व्हॉयर पंपाच्या वर. तिथली क्लिप ढिली असेल तर बऱ्याचदा बाहेर थेंब पण दिसत नाही, कारण इंजिन चालू असताना ती बाजू हवा आत ओढते. टॉर्च मारून रिझर्व्हॉयरमध्ये बघा. चांगलं तेल आरपार दिसतं, हवा मिसळलेलं गढूळ गुलाबी आणि वर बारीक बुडबुड्यांचा थर. रिटर्नचं तेल पातळीच्या खाली आणि कडेने शिरलं पाहिजे, वरून धबाधबा पडलं तर फेस होणारच. रिमोट रिझर्व्हॉयर घेणार असाल तर आत बॅफल (तेल हिंदकळू न देणारे पडदे) असलेला घ्या, तेल जास्त मावतं म्हणजे तापायला पण वेळ लागतो.

फ्लुइड जे रॅक आणि पंपाला सांगितलंय तेच, कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) तर कुठे हिरवं सीएचएफ (हायड्रॉलिक तेल), झाकणावर लिहिलेलं असतं. दोन्ही मिसळू नका. रिटर्न लाइनमध्ये एक टेम्परेचर सेन्सर लावा, महाग नाही, निदान रिझर्व्हॉयरवर टेम्परेचर स्टिकर तरी चिकटवा. १२० डिग्रीच्या खाली राहिलं तर छान. त्यावर सतत जात असेल तर नायट्राइल रबरचे सील कडक व्हायला लागतात, तेल काळपट पडून जळका वास येतो, तसलं तेल वर्षाची वाट न बघता बदलून टाका.

प्रेशर होज पीटीएफई (टेफ्लॉन) लाइनिंगची घ्या. नुसती स्टीलची जाळी दिसली म्हणून ती प्रेशरची होत नाही, रेटिंग वाचा. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, जवळून न्यावीच लागली तर हीट शील्ड, कारण हे तेल लाल झालेल्या पाइपवर पडलं की पेटतं.

शेवटी हवा काढणे. पुढची चाकं उचला, इंजिन बंद, झाकण उघडं, स्टिअरिंग सावकाश एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत २० वेळा तरी, आणि कोणीतरी रिझर्व्हॉयरवर लक्ष ठेवून तेल ओतत राहायचं. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू, परत तसंच फिरवा, लॉकला दाबून धरू नका. तेलाला फेस आला तर इंजिन बंद करून तासभर सोडा, फेस बसला की परत सुरू करा. पहिल्या ट्रॅक सेशननंतर गाडी उभी केल्या केल्या सगळे जॉइंट आणि क्लिपा पुसून बघा, गरम तेल पातळ होतं म्हणून जी गळती गॅरेजमध्ये दिसली नाही ती तेव्हा दिसते.