सी प्रोग्रॅममध्ये संदेशांच्या स्वतःच्या पातळ्या: कोड लिहिण्याआधीची तयारी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी, कोणता माग का थांबला हे सांगणारा सी प्रोग्रॅम लिहायचा आहे असं धरून चालू. त्याच्या प्रत्येक संदेशाला पातळी, म्हणजे तो किती गंभीर हे सांगणारी खूण, द्यायची आहे.

पहिलं काम संगणकावरचं नाही. कारखान्यात जा आणि माग थांबला की धावत कोण येतं ते विचारा. उभा धागा तुटला तर कामगारच गाठ मारून माग सुरू करतो. मोटार तापली तर जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारावी लागते. लाइट गेली तर कुणालाच बोलावून उपयोग नसतो, नुसती नोंद पुरते. जितकी वेगळी माणसं हलतात तितक्याच पातळ्या ठेवा. ‘फार गंभीर’, ‘जरा गंभीर’ असल्या पातळ्या करू नका. त्या वाचून कुणी जागचं उठत नाही.

मग हाताशी काय आहे ते बघा. लिनक्सवरच्या ग्लिबसीत, म्हणजे सीच्या तयार फंक्शनांच्या संग्रहात, एफएमटीएमएसजी हे संदेश छापणारं फंक्शन आहे आणि त्याला चार पातळ्या आधीच ठाऊक असतात: हॉल्ट १, एरर २, वॉर्निंग ३, इन्फो ४. शून्य म्हणजे पातळीच नाही. नवी पातळी अ‍ॅडसिव्हेरिटी या फंक्शनने जोडायची, तिला आकडा आणि मजकूर द्यायचा. आकडा ५ किंवा त्यापुढचाच हवा, नाहीतर फंक्शन नकार देतं. मजकुराच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) दिलं तर ती पातळी काढली जाते. एफएमटीएमएसजी पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक मानकात आहे, अ‍ॅडसिव्हेरिटी नाही. म्हणून प्रोग्रॅम ज्या बोर्डावर चालणार आहे तिथे ग्लिबसीच आहे ना, हे आधी तपासा. कंपायलरला कडक सी-११ सांगितलं असेल तर हेडरच्या आधी _डिफॉल्ट_सोर्स हा मॅक्रो लागतो.

आता खरी अडचण. मूळच्या चार पातळ्यांत आकडा लहान तितकं प्रकरण मोठं. तुमची ‘जॉबर बोलवा’ ही पातळी ५ वर बसली की आकड्याने ती इन्फोच्याही खाली जाते. ‘३ पर्यंतचेच संदेश दाखव’ अशी अट कुठे लिहिली असेल, तर मोटार तापल्याचा निरोप कुणापर्यंत पोचणारच नाही. म्हणून आकडा ही फक्त ओळख समजा आणि तातडीचा क्रम वेगळ्या तक्त्यात ठेवा: एक साधा अ‍ॅरे, पातळीच्या आकड्यावरून क्रम देणारा. गाळणी त्या क्रमावर लावा. एवढी एक गोष्ट केलीत तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

लेबलही, म्हणजे संदेश कुठून आला हे सांगणारं त्याच्या सुरुवातीचं नाव, आधीच ठरवा. त्याचे कोलनने जोडलेले दोन भाग असतात, पहिला १० बाइटपर्यंत, दुसरा १४. इथे अक्षरं मोजली जात नाहीत, बाइट मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्राही त्यात आली. ‘माग’ ९ बाइटांत बसतो. ‘सोलापूर’चे २१ होतात आणि फंक्शन अपयश परत करतं. लेबल रोमनमध्ये ठेवा. पातळीच्या मजकुराला अशी मर्यादा नाही, तो मात्र मराठीतच हवा. वाचणारा जॉबर आहे.

कारखान्याला उद्या शब्द बदलायचे असतील तर एसईव्ही_लेव्हल या पर्यावरण चलातूनही (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या मूल्यातूनही) पातळी देता येते: नाव, आकडा, मजकूर, मध्ये स्वल्पविराम, दोन पातळ्यांत कोलन. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी ते भरलेलं असावं.

शेवटी चाचणी. अ‍ॅडसिव्हेरिटी आणि एफएमटीएमएसजी दोन्हींचं परत आलेलं मूल्य तपासा. न जोडलेली पातळी वापरली तर एफएमटीएमएसजी नॉटओके, म्हणजे अपयशाचं मूल्य, देतं आणि संदेश छापतच नाही. संदेशाचे कोणते भाग छापायचे हे ठरवणारं एमएसजीव्हर्ब हे पर्यावरण चल कुणी भरून ठेवलं असेल तर पातळीचा शब्द पडद्यावरून गायब होऊ शकतो, तेही बघून घ्या. मग एक माग मुद्दाम थांबवायला सांगा आणि योग्य माणूस उठतो का ते पाहा.