'अंमल' हा शब्द कुठे, कसा वापरावा

'अंमल' मूळचा अरबी, फारसीतून मराठीत रुळलेला. मुळात अर्थ कृती, काम. मराठीत तो सत्ता, नशा आणि कार्यवाही अशा तिन्ही अर्थांनी चालतो. नेमका कोणता अर्थ, ते शेजारचे क्रियापद सांगते. म्हणून आधी क्रियापद पक्के करा.

अंमल बसला, चालला, उठला म्हणजे सत्ता: गोव्यातला पोर्तुगीज अंमल १९६१ मध्ये उठला. अंमल चढला, उतरला म्हणजे नशा किंवा भूल. 'अंमली पदार्थ' त्यातूनच आले. कायदा अंमलात येतो, त्याची अंमलबजावणी होते. 'अंमलबजावणीत आणणे' मात्र दोन प्रयोगांची खिचडी आहे, ती टाळा. 'सल्ल्यावर अंमल करा' ही हिंदीची छाया. मराठीत सल्ला अंमलात आणतात किंवा सरळ पाळतात.

जास्त घोळ होतो तो 'ताबा'शी. ताबा म्हणजे प्रत्यक्ष हातात असणे: घराचा ताबा, गाडीवरचा ताबा, रागावर ताबा. अंमलात हुकूम, वसुली, न्याय असा कारभार येतो. 'किल्ला ताब्यात आला, पण मुलखात अंमल बसला नाही' या वाक्यात शब्दांची अदलाबदल करून पाहा, फरक लगेच कळेल.

जमिनीच्या कागदात ही चूक महागात पडते. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद गाव नमुना ६ या नोंदवहीत होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, मग तिचा अंमल सातबाऱ्यावर देतात. नोंद मंजूर होऊनही सातबाऱ्यावर जुनेच नाव दिसत असेल तर अर्जात लिहा: 'फेरफार क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी प्रमाणित झाला आहे. त्याचा अंमल गट क्रमांक अमुकच्या सातबाऱ्यावर द्यावा.' फेरफाराची प्रत जोडा. इथे 'ताबा द्यावा' लिहिलेत तर अर्जाचा विषयच बदलतो: ती मागणी जमीन कोणाच्या कब्जात असावी याची होते, आणि नोंद दुरुस्तीचे साधे काम भलत्याच वादात अडकते.

'अंमलदार' शब्दाने आज बहुधा पोलीस कर्मचारी समजला जातो. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेल्यावर आधी भेटतात ते ठाणे अंमलदार.

छापील मजकुरात 'अंमली' आणि 'अमली', 'अंमलात' आणि 'अमलात' दोन्ही रूपे दिसतात. आपल्या लेखात एकच ठेवा. जुने शासन निर्णय शोधताना मात्र दोन्ही टाकून पाहा.