चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णाचा ईसीजी कसा वाचावा

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, हातात आला की नजर थेट एसटीवर (ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरच्या भागावर) जाते. तिला थोडं थांबवा. आधी नाव, वय, काढल्याची वेळ आणि मशीनचं सेटिंग बघा. वेग सेकंदाला २५ मिमी आणि उंची १ मिलिव्होल्टला १० मिमी असेल तरच नेहमीचं गणित लागू पडतं: लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२० सेकंद. उंची निम्मी ठेवून काढलेल्या पट्टीत डाव्या कप्प्याची जाडी सहज निसटते.

मग वायरी. ईसीजी हृदयाकडे बारा कोनांतून बघतो, त्या प्रत्येक कोनाला लीड म्हणतात: हातापायांचे १, २, ३, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ आणि छातीवरचे व्ही १ ते व्ही ६. लीड १ मध्ये पी (वरच्या कप्प्यांची लहर), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची; त्यात क्यू आणि एस खाली, आर वर), टी (खालचे कप्पे पूर्ववत होतानाची) तिन्ही उलटे आणि एव्हीआर सरळ दिसत असेल, तर बहुतेक वेळा हातांच्या वायरींची अदलाबदल झालेली असते; पट्टी पुन्हा काढा. व्ही १ आणि व्ही २ चौथ्या व पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत हवेत. ते वर लागले की त्या लीडमधला आर बारीक दिसतो आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ‘जुना झटका’ छापून येतो.

गती काढायला ३०० ला दोन आरमधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. ठोके अनियमित असतील तर १० सेकंदांच्या पट्टीतले क्यूआरएस मोजून ६ ने गुणा. अशा वेळी पी लहरीही सापडत नसतील तर एट्रियल फिब्रिलेशनचा (वरचे कप्पे अनियमित थरथरण्याचा) विचार करा. पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) ३ ते ५ लहान चौकोन, क्यूआरएस ३ पेक्षा कमी. क्यूटीसी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा, गतीनुसार दुरुस्त केलेला वेळ) ५०० मिलिसेकंदांपुढे असेल तर चालू औषधं आणि पोटॅशियम लगेच तपासा.

आता एसटी. क्यूआरएस संपतो त्या बिंदूपाशी मोजा. शेजारच्या किमान दोन लीडमध्ये १ मिमी चढ महत्त्वाचा. व्ही २-व्ही ३ मध्ये मात्र चाळिशीपुढच्या पुरुषात २ मिमी, स्त्रीत १.५ मिमी लागतो. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये शंकेपुरता चढ असेल तर एव्हीएल बघा. तिथे एसटी खाली गेलेला असेल तर झटक्याची शंका बळावते. अशा रुग्णाला नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देण्याआधी उजव्या छातीवर व्ही ४ आर काढा, कारण उजवा कप्पा झटक्यात सापडला असेल तर नायट्रेटने रक्तदाब धाडकन पडतो. व्ही १ ते व्ही ३ मध्ये फक्त उतार दिसला तरी निर्धास्त होऊ नका, मागच्या भिंतीचा झटका असाच दिसतो. पाठीवर व्ही ७ ते व्ही ९ लावा, तिथे अर्धा मिमी चढही पुरेसा आहे.

या वयात सर्वात जास्त गोंधळ घालतो तो जुना रक्तदाब. व्ही १ चा एस आणि व्ही ५ किंवा व्ही ६ चा आर मिळून ३५ मिमी भरले तर डावा कप्पा जाड असण्याची शक्यता धरा. मग व्ही ५-व्ही ६ मध्ये तिरका उतार आणि उलटी टी, तर व्ही १ ते व्ही ३ मध्ये चढ दिसतो, आणि तो झटक्यासारखा भासतो. इथे जुना ईसीजी सोन्यासारखा आहे. नातेवाइकांना घरची फाइल आणायला सांगाच. फक्त लीड ३ मधला क्यू, व्ही १ मधली उलटी टी, तक्रार नसताना एकटा दिसलेला उजवा बंडल ब्लॉक (उजव्या कप्प्याकडे विद्युत संदेश उशिरा पोचणं): यांवर सहसा घाबरायचं कारण नाही. पण दुखणं थांबल्यावर व्ही २-व्ही ३ मध्ये खोल उलटी टी दिसली, तर डाव्या बाजूची मुख्य पुढची धमनी अरुंद असू शकते. अशा माणसाला ट्रेडमिलवर चढवू नका, सरळ हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

छातीत दुखतंय आणि पट्टी नॉर्मल आहे, म्हणून कुणाला घरी पाठवू नये. पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढा, सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) करा. मध्ये छातीवरचे इलेक्ट्रोड काढू नका. काढावेच लागले तर जागांवर पेनने खूण करा. जागा सरकली तर दोन पट्ट्यांतला फरक हृदयाचा की हाताचा, हे कळत नाही.