वाड्याचं सागवान, जुनी कौलं, जुन्या विटा: नव्या घरात वापरताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक सामान घेण्याआधीच झालेली असते. नकाशा पक्का करायचा आणि मग त्या मापाची दारं, तुळया शोधत फिरायचं. उलट करा. सामान आधी, मापं नंतर.

वाड्यातून निघालेली १२ फुटी सागवानी तुळई क्वचितच १२ फूट कामाला येते. भिंतीत गेलेली टोकं ओल धरतात, वाळवीही बहुधा तिथूनच शिरते. टोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला तर तेवढा भाग कापावाच लागतो, मग उरतात १०-११ फूट. जुन्या खाचाही तपासा. तुळईच्या मध्यावर, खालच्या अंगाला खोल खाच असेल तर ती माळ्याखाली नको, कारण ताण नेमका तिथेच येतो. चिरून चौकटीला वापरा. चिरायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर गिरणीवाला पात्याचे पैसे मागणार, आणि त्याचं काही चुकत नाही.

मंगलोरी कौलं सगळी सारखीच, हा दुसरा गैरसमज. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगलोरला कारखाना काढला, मागोमाग इतरही निघाले, आणि साचे तंतोतंत जुळणारे नव्हते. दोन कारखान्यांची कौलं एकत्र घातली की खाचा नीट बसत नाहीत आणि पहिल्याच पावसात घर गळतं. मागचा छाप बघून वेगळे ढीग लावा. रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, ठोकण्याआधी त्या ढिगातली दहाबारा कौलं जमिनीवर जोडून अंतर काढा. आधीच गळत असेल तर सांध्यांत सिमेंट भरू नका, कौलं उतरवून रिपांचं अंतर बघा.

विटा घेताना त्या चुन्यात बांधलेल्या होत्या की सिमेंटात, हे विचारा. चुना थापीने टोकला की सुटतो, सिमेंट विटेचा तुकडा घेऊनच निघतं. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. ३ किलोची वीट ३.६ च्या वर गेली तर बाहेरच्या भिंतीला नको. आणि जुन्या मऊ विटेवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, विटेचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच लावा.

जुन्या सळया सरळ करून स्लॅबला वापरणं, हे नाहीच. जुने सिमेंटचे पत्रे कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. दारांवरचा जुना ऑइलपेंटही कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली, ही दारं त्याच्या कितीतरी आधीची.