कुणग्यातलं कोर्ट: आधी सूत, मग चेंडू

भातकापणी आणि मळणी उरकली की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरची पोरं दारात येतात. "काका, कोर्ट आखून दी." मी गवंडी. दिवसभर चिरे लावतो आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो, शाळेत होतो तेव्हापासून. पोरांना दरवर्षी जे सांगतो तेच इथे लिहितो.

जागा वायंगण, म्हणजे भाताचं दुसरं पीक, न होणाऱ्या कुणग्याची (भातखाचराची) घ्या, म्हणजे पावसापर्यंत ती मोकळी राहते. धसकटं मुळासकट उपटा, अनवाणी पायाला ती सुरीसारखी लागतात. कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. भोवती निदान ३ मीटर मोकळं हवं, म्हणजे जागा २४ बाय १५ मीटर. मेर, म्हणजे शेताचा बांध, जवळ असेल तर तिथे धावत जाऊन चेंडू उचलणाऱ्याचा पाय मुरगळलाच म्हणून समजा.

१८ मीटरचं सूत ताणा. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ मीटरवर आणि दुसरीवर ४ मीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरलं की काटकोन जमला. घराचा पाया आम्ही असाच आखतो. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक २० मीटर १२ सेंटिमीटर यायला हवा. एक जरी कमीजास्त आला तर कोर्ट तिरकं आहे, फक्की टाकायची घाई करू नका. मधली रेघ ९ मीटरवर, तिच्या दोन्ही अंगांना ३ मीटरवर अटॅक लाइन. रेघ ५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती कोर्टातच धरतात. रेघेवर पडलेला चेंडू आतला.

आता जाळी. पोफळीचे दोन खांब बाजूच्या रेघेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर पुरा. पुरुषांसाठी जाळीची उंची २.४३ मीटर, बायकांसाठी २.२४. ही उंची मधोमध मोजायची. दोन्ही टोकं सारखी हवीत आणि मधल्यापेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त वर नकोत. माझ्याकडे यासाठी खूण केलेली एक काठी आहे. लहानपणी आमची जाळी मधे झोळीसारखी लोंबायची. त्या झोळीवरून स्मॅश मारायला आम्ही शिकलो. पुढे दुसऱ्या गावी पहिल्यांदा ताठ जाळीसमोर उभे राहिलो आणि माझे तीन स्मॅश लागोपाठ जाळीत गेले. तो सेट आम्ही हरलो. तेव्हापासून रोज खेळायच्या आधी मी काठी लावून बघतो.

हा खेळ सुरू झाला तेव्हा जाळी होती फक्त साडेसहा फूट, म्हणजे १.९८ मीटर. अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन नावाचा व्यायामशिक्षक होता. बास्केटबॉल निघून चार वर्षं झाली होती, पण त्यातली धक्काबुक्की मध्यमवयीन माणसांना सोसेना. त्यांच्यासाठी त्याने १८९५ मध्ये हा खेळ काढला आणि नाव ठेवलं मिंटोनेट. पुढच्याच वर्षी एका प्रेक्षकाने सुचवल्यावरून त्याचं व्हॉलीबॉल झालं. चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून ठोकायचा, ही रीत १९१६ च्या सुमारास फिलिपिन्समध्ये रुळली. १९६४ मध्ये टोकियोत खेळ ऑलिंपिकला गेला.

सहा जण आत, तीन पुढे आणि तीन मागे. सर्व्हिस मागच्या रेघेबाहेरून, शिट्टीनंतर ८ सेकंदांत. जाळीला घासून पलीकडे पडली तरी चालते. एका बाजूला तीनच टच. ब्लॉकचा, म्हणजे जाळीपाशी हात वर करून अडवतानाचा, टच त्यात मोजत नाहीत. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा मारायचा नाही, हातात धरायचा नाही. पाय लागला तर चालतो. सेट २५ गुणांचा, पण २ गुणांची आघाडी हवी. पाचवा सेट १५ चा. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, आता प्रत्येक रॅलीला मिळतो.

पोरांची खरी चूक रोटेशनला होते. समोरच्यांच्या सर्व्हिसवर गुण आपण घेतला की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा सरकायचं. पुढचा उजवा मागे येतो, तोच सर्व्हिस करतो. मागे आलेल्याला अटॅक लाइनच्या मागूनच उडी घेऊन स्मॅश मारता येतो. मी सुरुवातीला चेंडू लपवून ठेवतो आणि पोरांना नुसतं फिरायला लावतो. ती कंटाळतात, पण दोन संध्याकाळींत प्रत्येकाला आपली जागा पाठ होते.

स्मॅश मी सगळ्यांत शेवटी शिकवतो. आधी अंडरहँड पास. एका हाताचा तळवा दुसऱ्यात ठेवा, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, कोपरं ताठ. चेंडू मनगटाच्या वर, हाताच्या सपाट भागावर यायला हवा. हात झटकू नका. गुडघे वाकवून चेंडूच्या खाली जा आणि पायांनी उठा. गेल्या वर्षी एक बारीक मुलगी चार दिवस हातच झटकत होती, चेंडू माडावर जायचा. पाचव्या दिवशी तिला म्हटलं, बाय, घमेलं वर देतेस तसं दे. तिच्या हातांवरून चेंडू सरळ लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर गेला. आवाजही वेगळा आला, जाड आणि कोरडा.

मिरगाचा पाऊस जवळ आला की जाळी उतरवून वाळवा आणि गुंडाळून माळ्यावर टाका. खांब उपटल्यावर खड्डे मातीने घट्ट बुजवा, नाहीतर चिखलणीला टिलरचं चाक त्यात रुततं आणि पुढच्या वर्षी शेतवाला कुणगा देत नाही.