काळं बसाल्ट वेअर कसं साफ करायचं

वेजवूड या इंग्लिश मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीचं काळं भांडं हातात आलं की आधी उलटं करून बघा, बुडाला नाव मातीतच दाबून उमटवलेलं असतं. १७६८ मध्ये इंग्लंडात बनायला लागलं हे, लोह आणि मँगनीज घातलेली माती भाजून काळी होते, वर ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नाही, दिसायला अगदी आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखं म्हणून नाव बसाल्ट, पण दगड नाही हं, मातीच! धूळ बसते ती उठावाच्या नक्षीत, तिथे मऊ ब्रश, कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, बास. तारेची घासणी अजिबात नको, प्लीज. तेल लावून चमकवू पण नका, त्यावर धूळ चिकटते आणि तो सुंदर मॅट काळेपणा जातो. मग सुती फडक्याने टिपून सावलीत वाळवा.